खालून वाचायचा कागद

“सर, मुली गेल्या तर समुद्र आटतो काय?”

वर्ग असा गप्प झाला की बाहेर व्हरांड्यात कवडू चपराशी झाडत होता, त्याच्या खराट्याचा आवाज आत ऐकू यायला लागला. जयवंता हेडाऊ बाकाजवळ उभी होती ती उभीच राहिली. प्रश्न तिच्या तोंडून निघाला होता खरा, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. मधल्या सुट्टीत नळाजवळ चार जणींनी मिळून तो घडवला आणि घडवून झाल्यावर चौघींपैकी तिघींनी तिच्याकडे बोट केलं. “तू विचारून दाखव,” तुळजा म्हणाली होती. “आठवडाभर खारी बोरं माझ्याकडून. अन् नाही विचारलं तं मंग तू कायची वं जयवंता, तू तं भितवंता.”

आता गंमत अशी, की वर्षापूर्वी ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेसुद्धा शेजारणीच्या कानात सांगितल्यासारखं. सर दोनदा नाव पुकारायचे, मग तुळजालाच ओरडावं लागायचं, “आहे सर, इथीच आहे.” पण यंदाच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून जयवंताचा आवाज गळ्याऐवजी पोटातून यायला लागला होता. ती गोष्ट सांगायचीच आहे. आधी सरांचं उत्तर ऐकू.

सर म्हणजे भूगोलाचे चिंचमलातपुरे सर. नाव एवढं लांब की मुलींनी त्यातली चिंच तेवढी ठेवून बाकीचं सोडून दिलं होतं. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. हे त्यांनी केलं म्हणजे ते रागावलेले नसतात, समजूत घालायला निघालेले असतात. आणि जयवंताला नेमकी समजूतच नको होती.

“समुद्र आटत नाही, बाळ,” सर म्हणाले. “पण एकोणीस दिवसांची सहल. मुलींची जबाबदारी घेणार कोण?”

“मुलांची कोण घेते, सर?”

“मुलांची कशाला घ्यावी लागते?”

मुलांच्या बाजूला खसखस पिकली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सर, येऊ द्या तिले. वाळवंटात पाणी भराले कामी येईन.” आणि मग तर पिकलेली खसखस पोत्यानं सांडली.

जयवंतानं मागे वळूनही पाहिलं नाही. ती फळ्याशेजारी टाचलेल्या सूचनेकडे पाहत होती. सूचना अशी होती: ‘यंदाची दिवाळी सहल. पर्वत, वाळवंट व समुद्र. इयत्ता नववी व दहावीचे विद्यार्थी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रस्थान.’ त्याखाली गावांची आणि मुक्कामांची यादी. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं: ‘विद्यार्थिनींसाठी रामटेक. एक दिवस. डबा सोबत आणणे.’

रामटेकचा तिला राग नव्हता. रामटेक चांगलंच आहे. पण ते ‘डबा सोबत आणणे’ तिच्या टाळक्यात गेलं होतं. एकीकडे हिमालय आणि दुसरीकडे डबा.

“सर, ती योजना माझी आहे,” ती म्हणाली.

“तुझीच आहे. नाकारतो का कोणी? शाळेच्या अंकात तुझं नाव छापू.”

“अंक नाही सर, मला समुद्र पाहायचा आहे.”

“अगं, शिक्षिका कोण येणार सोबत? कुसुमताई बसमध्ये बसल्या की बुटीबोरीच्या आतच त्यांना उलट्या सुरू होतात.” शिवण शिकवणाऱ्या कुसुमताई शाळेतल्या एकुलत्या एक बाई. “एखादी जबाबदार बाई एकोणीस दिवस यायला तयार असेल तर आणून दाखव. मग बोलू आपण.” सर हसून बोलले. आणता येणार नाही याची खात्री असलेला माणूस हसतो तसं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. “आणि हे काय मी माझ्या मनानं ठरवलं? हे बघ. तुमच्याच घरच्यांनी लिहून दिलंय. ‘आमच्या मुलीस दूरच्या सहलीस पाठवण्यास संमती नाही.’ तेवीस सह्या आहेत.”

कागद त्यांनी उंच धरला. जयवंता पहिल्या बाकापर्यंत चालत गेली. सगळ्यात वर मोहल्ल्याचे पंच गणपतराव यांची झोकदार सही. खाली एकेक करून बाकीच्या. सातवी सही तिनं लांबूनच ओळखली. ‘ता. ई. हेडाऊ’ आणि खाली एक आडवी रेघ, दोन्ही टोकांना निमुळती, मागावरच्या धोट्यासारखी. अशी सही साऱ्या नागपुरात एकच माणूस करतो. तिचा बाप.

जयवंता खाली बसली. तुळजानं बाकाखालून तिच्या हातात बोरांची पुडी सरकवली. पैज जिंकली होती ना. पण बोरं तिनं तोंडात टाकली नाहीत.

आता ती पावसाळ्यातली गोष्ट.

जुलैमध्ये सरांनी भिंतीवर भारताचा मोठा नकाशा टांगला आणि म्हणाले, “नुसतं पाठ करून भूगोल येत नाही. पर्वत, वाळवंट आणि समुद्र, तिन्ही एका फेरीत बसवून दाखवा. नागपूरहून निघायचं, नागपूरला परत यायचं, एकोणीस दिवस. ज्याची योजना बसेल, तीच शाळेची सहल.” मुलांनी आठ दिवसांत कागद आणून दिले. एकानं सगळ्यांना विमानानं नेलं. एकानं जैसलमेरहून द्वारकेपर्यंत सरळ उंट चालवला, मधे कच्छचं रण येतं हे त्याच्या गावीही नव्हतं. एक तर मनालीला पोहोचून परत यायचंच विसरला.

जयवंतानं दोन महिने घेतले. तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत, तिच्या गल्लीच्या टोकाला नत्थूजी राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल होतं. रोज संध्याकाळी ती त्यांच्या ओट्यावर बसून ते शिकली. कोणती गाडी रोज, कोणती आठवड्यातून दोनदा, कुठे मोठी लाइन संपते आणि छोटी सुरू होते. मग तिनं जोडकार्डं आणली, म्हणजे एक आपलं आणि एक समोरच्यानं उत्तर लिहायचं, आणि अकरा ठिकाणी पत्रं टाकली. स्टेशनमास्तरांना, धर्मशाळांना, मनालीजवळच्या एका सरायीच्या चौकीदाराला. नऊ उत्तरं आली. त्यातली आठ ‘श्रीमान जयवंतजी’ यांना होती. मुलगी असं काही विचारत असेल हे आठ जणांना सुचलंच नाही. नववा जैसलमेरच्या धर्मशाळेचा मुनशी. त्यानं लिहिलं होतं, ‘बेटी, आ जाओ. पर पानी एक आदमी को दिन में एक बालटी मिलेगा, पहले से कह देता हूँ.’ ही कार्डं ती रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि बादलीवालं कार्ड मायनं तिला तीनदा वाचायला लावलं होतं.

सगळी जुळवाजुळव झाल्यावर ती एका कागदावर बसेना. दिवस इकडे, गाड्या तिकडे, मुक्काम तिसरीकडे. तेव्हा बापानंच तोडगा काढला. ताराचंद हेडाऊ लुगडी विणायचा. काठाची नक्षी बसवायला त्याच्याकडे बारीक चौकटींचा मोठा कागद असायचा. त्यातला एक त्यानं पोरीला दिला, पट्टी धरून रेघा ठळक करून दिल्या आणि म्हणाला, “काठ बसवतो तशी बसव तुही सहल. एक ओळ म्हंजे एक दिवस. रंग भरत जा, कुठी उसवलं ते आपोआप दिसते.” चार रात्री बापलेक कंदिलाच्या उजेडात एका कागदावर ओणवे होते. पर्वताच्या ओळी पांढऱ्या सोडल्या, वाळवंट हळदीच्या रंगानं, समुद्र निळीनं. मधल्या रेल्वेच्या दिवसांना काळी बारीक किनार. कागद पुरा झाला तेव्हा ताराचंदनं तो दोन हातांनी लांब धरला आणि एवढंच बोलला, “हे पातळ कोण नेसीन वं, एवढं लांब?”

त्याच हातानं, ज्या हातानं तिला रेघा ओढून दिल्या होत्या, त्याच हातानं सातव्या नंबरची सही केली होती.

शाळा सुटली तेव्हा तिला घरी जायची घाई नव्हती. घरी गेलं तर भांडण होणार आणि भांडणासाठी ती शब्द गोळा करत होती. चौघी जणी रिकाम्या वर्गात थांबल्या. जयवंता सूचनेसमोर उभी राहून वहीत ती उतरवून घ्यायला लागली. बापाच्या तोंडावर मारायला पुरावा पाहिजे.

पहिलं गाव लिहिलं, द्वारका. २८ ते ३१ ऑक्टोबर. दुसरं जैसलमेर. मग तिसरं, मनाली. ८ ते १० नोव्हेंबर.

पेन्सिल थांबली.

“काय झालं वं?” तुळजा म्हणाली.

“द्वारका आधी कशी?”

“मंग?”

“आधी मनाली आहे. समुद्र शेवटी.”

तिनं सूचना पुन्हा वाचली, बोट ठेवून. मग तिच्या अंगातून एक शिरशिरी गेली आणि लगेच दुसरी. दुसरी हसण्याची होती.

लुगडं विणताना पहिला धागा विणकराच्या पोटाशी पडतो आणि कापड तिथून पुढे, समोरच्या बाजूला वाढत जातं. म्हणून काठाचा कागद खालून वर वाचतात. सगळ्यात खालची ओळ ती पहिली. ओळींना कोणी आकडे टाकत नाही, कोणाला सांगतही नाही. तांडापेठेत पाच वर्षांच्या पोरालाही ते माहीत असतं. जयवंतानंही तारखा न घालता पहिला दिवस सगळ्यात खाली लिहिला होता आणि ते कोणाला सांगायला हवं हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चिंच सर विणकर नव्हते. त्यांनी कागद वरून वाचला. निळा रंग वर दिसला, म्हणून आधी समुद्र.

“म्हणजे सारी सहल उलटी,” ती म्हणाली.

“उलटी तं उलटी. समुद्र काही पळून जाते का?”

“समुद्र नाही पळत. मनाली पळते.” दप्तरातून तिनं कार्डांचा गठ्ठा काढला आणि चौकीदाराचं कार्ड शोधून वाचलं. ‘नवंबर की पाँच तारीख के बाद हम ताला लगाकर नीचे उतर जाते हैं। बरफ गिर जाए तो बस भी नहीं आती।’ म्हणून तर तिनं पर्वत सगळ्यात आधी घेतला होता. अन् द्वारकेच्या धर्मशाळेनं लिहिलं होतं की ऑक्टोबरअखेर एक मोठा संघ उतरणार आहे, जागा नऊ नोव्हेंबरपासून.

मग तुळजाच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं पोळीवर तूप पसरावं.

“चाळीस पोट्टे,” ती म्हणाली. “कुलुपासमोर. कानटोपीत.”

“अन् तो पाणी भरवणारा सगळ्यात समोर,” दुसरी म्हणाली.

“सांगू नको वं,” तुळजा म्हणाली. “तुले आपली शप्पथ. त्याइनं तुहा कागद घेतला, तं घ्या म्हणा, पुरा घ्या.”

जयवंतानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वही मिटली, आणि बोरांची पुडी फोडून पहिल्यांदा एक बोर तोंडात टाकलं. खारट होतं, छान होतं. गांधीबागेतल्या शाळेपासून तांडापेठेपर्यंत ती चालत आली आणि सबंध वाटेत तिच्या डोळ्यांसमोर बर्फात कुडकुडणारे चाळीस पोट्टे होते. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

घरी खटक खट, खटक खट चाललं होतं. ताराचंद पाय खड्ड्यात सोडून मागावर बसला होता आणि माय, सुभद्रा, शेजारी चरख्यावर कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. बाप दिवसभर विणणार, माय दिवसभर भरणार आणि शाळेतून आली की जयवंता. घरात हे तिघंच. मोठी बहीण मौद्याला दिली होती, आणि मायनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात दूरचं गाव म्हणजे तेच, मौदा.

जयवंतानं दप्तर ठेवलं नाही. चपलाही काढल्या नाहीत.

“बाबा, माग थांबवा.”

ताराचंदनं वर पाहिलं. एवढ्या वर्षांत पोरीनं माग थांबवायला सांगितलं नव्हतं. त्यानं धोटा काठावर ठेवला. “काय झालं?”

“तुमी सही काहून केली?”

“कायची सही?”

“मले दूर पाठवत नाही म्हणून. सातव्या नंबरची. खाली रेघ आहे धोट्यासारखी. दुसऱ्याची आहे म्हणू नका.”

ताराचंद बोटांना चिकटलेली खळ खरवडायला लागला. “कवडू कागद घेऊन आलता गेल्या बुधवारी. वर गणपतरावची सही होती. पंचाची. त्याच्या खाली साऱ्याइच्या होत्या. मंग मीनं केली.”

“वाचलं का काय लिहिलं होतं?”

“आता त्याच्यात काय वाचाचं? वर सह्या होत्या ना.”

“काठाचा कागद असता तं वाचला असता तुमी. एक चौकट चुकली तं अख्खा दिवस बसता पाहत. माह्यासाठी एक ओळ नाही वाचवली?” तिचा आवाज फुटायला लागला होता आणि तो फुटू नये म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलत होती. “चार रात्री जागले माह्यासोबत. कायले जागले मंग? रेघा ओढाले तुमी, अन् रामटेकले जायाले मी? डबा घेऊन?”

“पोट्टी तू. एकोणीस दिवस. लोक काय म्हणतीन?”

“लोक नाही, गणपतराव. गणपतराव काय म्हणतीन ते सांगा.”

ताराचंदनं हात पुढे केला. “काय आणलं ते दाखव.” पोरीच्या हातातली वही त्याला दिसत होती आणि माणसाला उत्तर सुचलं नाही की तो काहीतरी वाचायला मागतो.

तिनं वही दिली. त्यानं सूचना वाचली. पहिल्या ओळीवर कपाळाला आठी, दुसरीवर दुसरी. तिसऱ्या ओळीवर त्यानं वही खाली-वर फिरवली आणि एकदम खोऽखो हसत सुटला.

“अवं, हे तं उलटं इणलं तुह्या सरनं. पदराकडून धरलं अन् सुरू केलं.” मग पोरीचं तोंड पाहिलं आणि हसणं आवरलं. “सांगतलं का त्याले?”

“नाही.”

“काहून?”

“जाऊ द्या पोट्ट्याइले कुलुपासमोर. माहा कागद, माही मर्जी.”

ताराचंद खड्ड्यातून बाहेर आला. हे तो जेवायलाच करायचा. कोपऱ्यातली पेटी उघडून त्यानं एक लुगडं काढलं, डाळिंबी रंगाचं, अर्धं विणलेलं, अर्धं उसवलेलं. जयवंता ते ओळखत होती. चार वर्षांपूर्वी काठ उलटा निघाला होता, पाच हात झाल्यावर लक्षात आलं होतं. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. त्यानं पाच हात बसून उसवलं, दोन दिवस. मग सूतच पिचलं, लुगडं तसंच राहिलं.

“उलटा काठ आपल्या घरून जात नाही,” तो म्हणाला. “मंग नेसणारी कोणी का असेना.”

हे खरं होतं आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. सगळं शहाणपण तिनंच पाळायचं. सरांनी कागद घेऊन तिला मागे ठेवलं, बापानं न वाचता सही केली, आणि सरळ वागायचं कोणी? जयवंतानं. तिनं ते तोंडावर बोलून दाखवलं, शब्दाला शब्द. ताराचंदनं डाळिंबी लुगडं मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली.

चरखा थांबला होता. केव्हा थांबला ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“कवडू आलता तवा मी घरीच होती,” सुभद्रा म्हणाली. ती एवढ्या हळू बोलायची की माग चालू असला तर ऐकूच यायचं नाही. “त्याले पाणी मीनंच देल्लं. कागदावर सही झाली, तो गेला. मले कोणी विचारलं नाही, पोरगी धाडतं का नाही म्हणून. पोरगी काही एकट्याची नाही.”

“अवं, पण तू काय म्हटलं असतं?” ताराचंद म्हणाला.

“ते आता काय सांगू. विचारलं असतं तं पाहिलं असतं.” तिनं हातातली कांडी टोपलीत टाकली आणि जयवंताकडे वळली. “त्या मुनशीचं कार्ड आहे का वं? बादलीवालं.”

जयवंतानं ते काढून दिलं. मायला वाचता येत नव्हतं. ती नुसती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

“एका माणसाले एक बादली,” ती म्हणाली. “एवढं काय लिहून पाठवाचं होतं त्यानं, जशी काही मोठी धमकीच. आपल्या नळाले उन्हाळ्यात अर्धा घंटा पाणी येते. त्याच्यात मी सूत भिजवतो, खळ करतो, तिघाइचं धुनं, सैपाक. त्या एका बादलीत मी चार पोरी आंघोळी घालून शाळेत धाडीन, अन् वरून चहा करीन.” मग जरा थांबून, जसं काही आपल्याशीच, “वाळवंट म्हणे. पाहाले पाहिजे होतं कसं राहते ते.”

जयवंता मायकडे पाहत राहिली. नऊवारीचा पदर खोचलेला, बोटांना सुताचे चिरे पडलेले. लोकांच्या लेकरांचे ताप उतरवणारी, नळावरची भांडणं एका शब्दात मोडणारी, मोठ्या लेकीच्या बाळंतपणात मौद्याला एकटी जाऊन महिनाभर सगळं घर सांभाळून आलेली. एखादी जबाबदार बाई असेल तर आणून दाखव, सर हसत म्हणाले होते. शाळेतली एकुलती एक बाई त्यांनी मोजली, ती बुटीबोरीतच संपली, आणि त्यांचं मोजणंही तिथंच संपलं. जयवंतानं तरी कुठं मोजलं होतं? अकरा गावांना पत्रं टाकली आणि दोन हातांवर बसलेल्या बाईला एकदाही विचारलं नाही, तुले यायचं का म्हणून. बापावर एवढी ओरडली ती, आणि तीच चूक तिनंही केली होती.

तिनं चपला काढल्या. दप्तर खुंटीला अडकवलं. मग मागाच्या पुढ्यात, दोघांच्या मधे, उभी राहिली. वर्गात राहिली होती तशी, पण या वेळी कोणी पैज लावली नव्हती.

“आता ऐका, दोघंही,” ती म्हणाली. “मी ठरवलं आहे. उद्या प्रार्थना झाली की मी सरांकडे जाईन. जाऊन आधी सांगीन की कागद खालून वाचायचा असतो, अन् चौकीदाराचं कार्ड त्यांच्या हातात देईन. मले सहलीले नेलं तरी, नाही नेलं तरी. उलटा काठ आपल्या घरून जाणार नाही. पण बाबा, तुमी माह्यासंग शाळेत याल अन् तुमच्या नावावर काट माराल. साऱ्या वर्गासमोर. गणपतरावची राहू द्या तिथंच वर, त्याच्याशी आपल्याले काय करायचं. अन् माय, सरनं जबाबदार बाई मागतली आहे. मी नाव लिहून देऊन राहिली. सुभद्राबाई ताराचंद हेडाऊ. हाव म्हण का नाही म्हण, पण तुले विचारून लिहून राहिली, इथी, साऱ्याइच्या आधी.”

सुभद्रानं कार्ड पदराच्या गाठीत बांधायला घेतलं. गाठ दोनदा सुटली. “हाव,” ती म्हणाली.

“अवं, पण लग्नसराईचा माल आहे,” ताराचंद म्हणाला. “एकोणीस दिवस कांड्या कोण भरीन?”

“तुमी,” जयवंता म्हणाली आणि चरखा ओढून तिनं बापाच्या समोर ठेवला. “बसा. आज शिकवून देतो.”